एक बजाज की दोन?



सोलापुरात कुणी हप्त्यावर फ्रीज घेतला,
की बजाज हे नाव हमखास कानावर येतं.
शेअर बाजारात मात्र या नावाच्या दोन कंपन्यांत गोंधळ होतो.
बजाज फायनान्स…
आणि बजाज फिनसर्व्ह.
दोन्ही पुण्याच्या. दोन्ही मोठ्या.

बजाज फायनान्स कर्ज देते.
१९८७ साली तिची सुरुवात झाली,
ती दुचाकींच्या कर्जापासून.
तिची मुख्य कमाई व्याजाची.
हप्ते वेळेवर आले, तर नफा.
हप्ते थकले, तर फटका.

बजाज फिनसर्व्ह ही तिची पालक कंपनी.
बजाज फायनान्सचे निम्म्याहून अधिक शेअर
तिच्याच हाती आहेत.
शिवाय तिच्याकडे विम्याचा व्यवसाय आहे.
आयुर्विमा आहे, वाहनांचा आणि आरोग्याचा विमाही आहे.

आता नीट ऐका, गफलत इथेच होते.
दोन्ही शेअर घेतले, म्हणजे जोखीम विभागली,
असं पुष्कळांना वाटतं.
तसं नाही.
विहीर तीच, घागरी दोन.
कर्जाचा धंदा मंदावला, तर झळ दोन्हींना बसते.
पुन्हा सांगते… विहीर तीच, घागरी दोन.

मग निवड कशी करायची?
फक्त कर्जाच्या धंद्यावर भरवसा असेल,
तर फायनान्सचा अभ्यास करा.
विम्याची जोड हवी असेल, तर फिनसर्व्हचा.

चादर घेताना आपण ती उलटून वीण पाहतो ना?
तसाच वार्षिक अहवाल उघडा.
माझ्या मते नफा नंतर पाहा.
आधी थकीत कर्ज किती, ते पाहा.
कंपनीच्या संकेतस्थळावर हा अहवाल मोफत मिळतो.