माणूस मोजावा कीं समजून घ्यावा?



आज आम्ही समाजशास्त्राविषयीं चार शब्द बोलणार आहों. शास्त्राचें नांव ऐकून कोणीं बिचकूं नये. ज्यांच्या जिण्यामरण्याचे आंकडे हें शास्त्र मांडतें, त्यांत आपले कष्टकरी भाऊबंद पुष्कळ आहेत. तेव्हां आंकडा तयार कसा होतो, हें विचारण्याचा हक्क आपणांस आहेच.

या शास्त्रांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पाऊस व पीक जसें मोजतां येतें, तसाच समाजहि मोजावा व त्यांतून कार्यकारणाचे नियम काढावे. यास प्रत्यक्षार्थवाद म्हणतात. फ्रान्सांतील ऑग्यूस्त कोंत यांनीं त्याचा पाया घातला. दुसरा म्हणतो, माणूस म्हणजे धोंडा नव्हे. तो मनांत कांहीं अर्थ धरून वागतो. तो अर्थ उमगल्याशिवाय त्याच्या वागण्याचा उलगडा व्हावयाचा नाहीं. यास आम्ही अर्थबोधवाद म्हणूं. जर्मनीचे मॅक्स वेबर (१८६४–१९२०) हे त्याचे मोठे आचार्य.

आत्महत्येच्या प्रश्नावर या दोन दृष्टींची चांगलीच गांठ पडली. १८९७ सालीं एमिल दुर्खीम या फ्रेंच पंडितांनीं त्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचे भाचे मार्सेल मॉस यांनीं सुमारें २६,००० मृत्यूंच्या नोंदी वय, लग्न, मुलेंबाळें यांप्रमाणें लावून दिल्या. कॅथलिकांपेक्षां प्रॉटेस्टंटांत व विवाहितांपेक्षां अविवाहितांत हें प्रमाण अधिक, असें दुर्खीम यांस आढळलें. त्यावरून त्यांनीं दाखविलें कीं, जग ज्यास एकट्याचा दुबळेपणा समजतें, त्याचीं मुळें समाजाच्या घडणींत असतात. ही गोष्ट लहान नव्हे. मेलेल्याच्या माथ्यावरचा दोष त्यांनीं उतरविला.

पण १९६७ सालीं जॅक डग्लस या अमेरिकन पंडितांनीं मर्मावर बोट ठेविलें: हा आंकडा लिहिला कोणीं? जेथें आत्महत्या महापाप समजतात, जेथें घरोबा दाट असतो, तेथें घरचे लोक ती झांकणार. मग आंकडा कमी दिसतो तो मरणें कमी म्हणून, कीं नोंदी कमी म्हणून?

हा वाद परदेशांतला म्हणून सोडून देऊं नका. तो आपल्या कचेऱ्यांत रोज चालतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग १९९५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजतो. २०२२ सालच्या त्याच्या अहवालांत शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांची नोंद आहे. पैकीं ४,२४८ एकट्या महाराष्ट्रांतील. म्हणजे देशांत तिघांत एकाहून अधिक आपला! ही मोजदाद नसती, तर एकेक मरण 'घरगुती भांडण', 'दारूचें व्यसन' म्हणून कोपऱ्यांत सारलें गेलें असतें. म्हणून आंकड्यास हंसूं नका.

पण या आंकड्यांत शेतकरी म्हणावयाचें कोणास? नवऱ्याच्या बरोबरीनें राबणाऱ्या बाईचें नांव सातबाऱ्यावर नसलें, तर मेल्यावर ती बहुधा 'गृहिणी'च्या रकान्यांत जाते. जन्मभर माती कसली, पण रकान्यापुरती ती शेतकरी नाहीं! आतां मदतीचें पाहा. राज्याच्या २००६ च्या नियमांप्रमाणें मृताच्या वारसांस एक लाख रुपये मिळतात. पण जिल्हाधिकाऱ्यांची समिती आधीं प्रकरण 'पात्र' कीं 'अपात्र' हें ठरविते. कुटुंबाची जमीन हवी. बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें कर्ज हवें. मग बटाईनें कसणाऱ्यानें काय करावें? सोयऱ्याकडून हातउसने घेतलेल्यानें कोणता कागद दाखवावा? दुःख तेंच, पण एक घर पात्र, शेजारचें अपात्र.

तर मग आंकडे फेंकून देऊन घरोघर विचारीत बसावें काय? तेवढ्यानेंहि भागत नाहीं. अपात्र ठरूं नये म्हणून एक घर कर्जाचेंच नांव घेईल; मुलीचें लग्न अडूं नये म्हणून दुसरें घर तोंडच उघडणार नाहीं. सांगणाऱ्याचा शब्दहि परिस्थितीनें वांकतो. आणि एका घरची कहाणी कितीहि खरी असली, तरी अशीं घरें किती, हें ती सांगूं शकत नाहीं.

म्हणून शिकणाऱ्या मुलामुलींस आमचें सांगणें एवढेंच. आंकडा हातीं आला कीं विचारा: रकाने कोणीं आंखले, कोणीं भरले, कोण बाहेर राहिलें? कहाणी कानीं आली कीं विचारा: अशीं आणखी किती? मोजल्याशिवाय सरकार ऐकत नाहीं, आणि समजून घेतल्याशिवाय मोजदाद खरी होत नाहीं. आजवर आपण दुसऱ्यांनीं आंखलेल्या रकान्यांत बसत आलों. आतां आपल्या लेकरांनीं पाटी हातीं घ्यावी, बांधावरच्या त्या बाईजवळ बसावें, आणि तिला विचारूनच तिचा रकाना लिहावा.