खताची गोणी आणि अंगठ्याची साक्ष

तिवसा हा अमरावती जिल्ह्यांतील कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा तालुका. मृगाचा पाऊस होऊन पेरण्या आटोपल्या आणि कपाशी महिन्याची झाली, कीं युरियाचें वरखत देण्याची घाई उडते. जमिनीस वापसा आहे तोंवरच तें पडलें पाहिजे. अशा दिवसांत तेथील कृषि केंद्राच्या टेबलावर जें एक लहानसें यंत्र ठेविलेलें असतें, त्यावर खत-कारखान्यांची मोठी उलाढाल कशी अवलंबून आहे, हें शहरांतील गृहस्थांनींहि समजून घेण्याजोगें आहे.

खत बनविणारी कंपनी इतर व्यापाऱ्यांसारखी मोकळी नसते. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हिचेंच उदाहरण घ्यावें. १९७८ सालीं स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचे कारखाने मुंबईंत ट्रॉम्बे व रायगड जिल्ह्यांत थळ येथें आहेत. परंतु तिच्या युरियाची किंमत ठरवितें सरकार. मालाची प्रत बांधलेली आहे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानें. २०१५ सालीं निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. २०१८ सालीं युरियाची गोणी ५० किलोंऐवजीं ४५ किलोंची झाली. उत्पादनाचा खर्च व विक्रीची किंमत यांतील अंतर सरकारी अनुदानानें भरून निघतें.

पूर्वीं माल जिल्ह्यांत पोहोंचला, कीं अनुदानाचा बराचसा भाग कंपनीस मिळे. पुढें ती गोणी शेतांत गेली कीं प्लायवुडच्या कारखान्यांत, याचा हिशेब त्यांत नव्हता. मार्च २०१८ पर्यंत देशभर ही पद्धत बदलली. शेतकऱ्यानें ओळख पटवून गोणी घेतली, कीं यंत्रावरून त्या विक्रीची नोंद केंद्रीय व्यवस्थेंत जाते, आणि त्या नोंदीवर कंपनीचें अनुदान निघतें.

बदलाचें मर्म येथेंच आहे. कारखान्यांत उत्तमोत्तम संगणक बसविले, तरी तिवशाच्या दुकानांत नोंद झाली नाहीं तर कंपनीचा पैसा अडतो. आणि त्या दुकानांत काय घडूं शकतें? निंदण-डवरणीनें ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्र ओळखीत नाहीं. कधीं नेटवर्क नसतें. दाराशीं रांग वाढते. मग दुकानदारापुढें दोन वाटा उरतात. गिऱ्हाइकास परत पाठवावें, तर त्याचा वापसा जातो. माल आज देऊन नोंद मागाहून दुसऱ्याच्या अंगठ्यावर करावी, तर यंत्रांतील व गोदामांतील साठा जुळत नाहीं आणि परवाना धोक्यांत येतो. चोरी थांबविण्यासाठीं आणलेली नोंदच मग खोटी होते.

म्हणून कंपनीनें या कामीं पहिला विचार शेवटच्या दुकानाचा करावा. पेरणीपूर्वीं, वैशाखांतच, दुकानदारास यंत्र नीट शिकवावें. तें बिघडल्यास दुसरें कोठून मिळेल हें आधीं ठरवावें. या पद्धतींत आधारखेरीज किसान क्रेडिट कार्ड व मतदार ओळखपत्र यांचीहि सोय ठेवण्यांत आली. ठसा न जुळणारा शेतकरी रिकाम्या हातीं परतूं नये यासाठीं अशा पर्यायांची माहिती त्यास आधींच असावी. दोन्ही साठे दर आठवड्यास ताडून पाहावे, आणि चूक आपण होऊन सांगणाऱ्या दुकानदारास प्रथम मदत मिळावी, धाक नव्हे.

अनुदानाचा पैसा सर्वांचा आहे, शहरांतील करदात्यांचाहि. तो योग्य हातीं पडला कीं नाहीं, हें दिल्लीचा संगणक सांगेल; पण तिवशाच्या दुकानांत झालेली नोंद खरी असेल, तरच.