ठिपका कोणाच्या पदरात?



या भाषणाचा विषय मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहे. एखाद्या तालुक्याच्या गावी छपाईच्या मजकुराची जुळणी करणारा कारागीर पदरमोड करून, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून घेऊन, भारी किमतीचा लॅपटॉप विकत घेतो. घरी आणून चालू करतो, तर काळ्या पडद्याच्या मध्यभागी एक हिरवा ठिपका जळत असतो. तो पुसून जात नाही, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी जात नाही. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीकडे जा.’ कंपनीचे सेवाकेंद्र म्हणते, ‘एखादा ठिपका मर्यादेत बसतो, हा दोष धरला जात नाही.’ कारागीर साधा प्रश्न विचारतो, ‘ही मर्यादा कोणी ठरवली?’ या प्रश्नाला खिडकीपलीकडे उत्तर नसते. असे प्रसंग गावोगावी घडतात, आणि म्हणूनच त्या प्रश्नाचा मागोवा घेणे आवश्यक आहे.

महागड्या लॅपटॉपच्या पडद्यावरील ठिपक्याची चिंता कष्टकऱ्यांच्या चळवळीने का करावी, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु लॅपटॉप आणि मॉनिटर ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. सुताराला जसा रंधा, तसा जुळणीकाराला, हिशेबनिसाला, आराखडे काढणाऱ्याला, विद्यार्थ्याला हा पडदा आहे. दिवसाचे आठ-दहा तास त्यावर नजर लावून पोट भरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रंध्याचे पाते वाकडे निघाले तर सुतार ते गुमान परत घेऊन जातो आणि दुकानदार गुमान बदलून देतो. पडद्याच्या बाबतीत मात्र तसे का घडत नाही, हे समजण्यासाठी पडदा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे.

साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० चित्रबिंदू किंवा पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा असे तीन उपबिंदू. म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक सूक्ष्म दिवे, आणि द्रवस्फटिकाच्या पडद्यात त्या प्रत्येकामागे एक ट्रान्झिस्टर. ‘फोर-के’ पडद्यावर हाच आकडा दोन कोटी अठ्ठेचाळीस लाखांच्या पुढे जातो. हे सारे एका प्रचंड काचेवर एकाच वेळी घडवले जाते. साडेआठव्या पिढीच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यांत ही काच सुमारे सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब असते. नंतर तिचे तुकडे करून अनेक पडदे काढतात. हवेतील एखादा धूलिकण चुकीच्या जागी बसला, एखादा ट्रान्झिस्टर अडकला, की ठिपका कायमचा जळत राहतो किंवा कायमचा विझतो. साखर कारखान्यात जसा उसाचा उतारा पाहतात, तसा येथे काचेचा उतारा पाहिला जातो. किती पडदे निर्दोष निघाले यावर कारखान्याचा नफा ठरतो.

ठिपका हा एकच दोष नव्हे. पडद्यामागील प्रकाश कडांमधून पाझरतो आणि काळोख्या दृश्यात कोपरे पांढुरके दिसतात. रंग सर्वत्र सारखा न पडता ढगाळ डाग उमटतात. या विषमतेला जपानी कारखान्यांनी ‘मुरा’ हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. ‘ओलेड’ जातीच्या पडद्यावर एकच चित्र फार काळ राहिले तर त्याची सावली कायमची उमटते. काही पडदे प्रकाश कमी करण्यासाठी दिव्यांची अतिवेगाने उघडझाप करतात. ती डोळ्यांना जाणवत नसली तरी काहींचे डोके त्याने दुखते.

न्यायाने बोलायचे तर उत्पादकाचे एक म्हणणे मान्य केले पाहिजे. कोट्यवधी उपबिंदूंपैकी एकही बिघडू नये, ही अपेक्षा पूर्ण करायची तर अनेक पडदे फेकून द्यावे लागतील आणि किंमत वाढेल. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००१ साली १३४०६-२ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले आणि पडद्यांचे चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सदैव जळणारे, दोन सदैव विझलेले आणि पाच सदोष उपबिंदू चालतात. २००८ साली या मानकाची जागा ९२४१ या मालिकेने घेतली. वर्गवारीची कल्पना मात्र टिकून राहिली. मोजमाप ठरले, हे चांगलेच झाले. मोजमाप नसेल तर तक्रारीला पायाच राहत नाही.

परंतु या हिशेबातील गंमत ध्यानात घ्यावी. दोषांची सूट दर दहा लाखांमागे आहे. म्हणजे दुसऱ्या वर्गातील साध्या फुल एचडी पडद्यावर चार जळके ठिपके मर्यादेत बसतात. अधिक पैसे मोजून घेतलेल्या फोर-के पडद्यावर सोळा बसतात, आणि सदोष उपबिंदू चाळीसच्या वर बसतात. ग्राहक जितका अधिक बारकावा विकत घेतो, तितकी अधिक दोषांची मुभा उत्पादकाला मिळते. बारीक पडद्यावरील ठिपका आकाराने लहान असतो, हे खरे. पण सोळा ठिपक्यांना ‘उच्च दर्जा’ म्हणणे हा शब्दांचा व्यापार झाला. शिवाय पडदा कोणत्या वर्गाचा, हे खोक्यावर बहुधा छापलेले नसते. मानक ज्या ग्राहकासाठी, त्यालाच ते दिसत नाही. ते दिसते सेवाकेंद्रातील नोकराला, नकार देताना. काही कंपन्यांनी आपल्या महाग मॉनिटरांवर एकही जळका ठिपका आढळल्यास पडदा बदलून देण्याची हमी दिलेली आहे. म्हणजे हमी देणे अशक्य नाही. ती कोणाला द्यावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. काही दोष कारखान्याच्या दारात दिसतच नाहीत, ते रचनेतच पेरलेले असतात. ॲपल कंपनीच्या २०१६ सालच्या मॅकबुक प्रो लॅपटॉपचे उदाहरण जगजाहीर आहे. त्यात पडद्याला प्रकाशाचा पुरवठा करणारी पातळ, लवचीक केबल झाकण उघडताना-मिटताना घासत असे. वर्ष-दोन वर्षांनी ती झिजली की पडद्याच्या तळाशी रंगमंचावरील दिव्यांसारखे प्रकाशाचे झोत दिसू लागत आणि पुढे पडदा अंधारत असे. केबल पडद्यालाच जोडलेली असल्याने काही डॉलरांच्या तुकड्यासाठी शेकडो डॉलरांचा संपूर्ण पडदा बदलावा लागे. २०१८ सालच्या यंत्रात ही केबल सुमारे दोन मिलिमीटरने लांब केलेली आढळली. म्हणजे दोष कारखान्याला उमगला होता असे मानण्यास जागा आहे. तथापि मोफत दुरुस्तीची योजना जाहीर झाली ती मे २०१९ मध्ये, दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ आणि ग्राहक यांनी बोभाटा केल्यानंतर, आणि तीही १३ इंची यंत्रांपुरती. याआधी २०१५ सालीही याच कंपनीला पडद्यावरील चकाकीरोधक लेप निघून जात असल्याबद्दल अशीच योजना काढावी लागली होती.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कारखान्यातील तपासणी पहिल्या दिवसाचा पडदा पाहते. पाचशेव्या दिवसाचा पडदा ग्राहक पाहतो. ज्याने परीक्षेसाठी वेतन घ्यावे त्याचे काम पैसे देणाऱ्याच्या गळ्यात पडते. आणि एकटा ग्राहक नेहमी ‘अपवाद’ ठरतो. हजार ग्राहक एकत्र आले की त्याच दोषाला ‘योजना’ मिळते.

येथवर झाली विकत घेणाऱ्याची बाजू. परंतु घडवणाऱ्याच्या बाजूकडे पाठ फिरवली तर हे विवेचन अर्धेच राहील. निर्दोष पडद्याचा आग्रह धरताना तो निर्दोष करतो कोण, हे विसरून चालणार नाही.

चीनमधील सूचौ येथील विन्टेक कंपनीच्या कारखान्यात स्पर्शपडदे पुसण्यासाठी मद्यार्काऐवजी एन-हेक्झेन हे द्रावण वापरले गेले. कारण एवढेच की ते लवकर सुकते, आणि लवकर सुकते म्हणून काम भराभर उरकते. त्याची वाफ मज्जातंतूंना अपाय करते. २००९ साली तेथील कामगारांचे हातपाय बधिर होऊ लागले, चालणे अवघड झाले. हे पडदे ज्या ॲपल कंपनीसाठी तयार होत होते, तिनेच २०११ च्या आपल्या अहवालात १३७ कामगारांना बाधा झाल्याचे मान्य केले. पडद्यावर डाग राहू नये म्हणून माणसांच्या नसांवर डाग पडला.

दक्षिण कोरियातील सॅमसंगच्या एलसीडी कारखान्यात एक तरुणी पडद्यांतील दोष डोळ्यांनी तपासण्याचे काम करीत असे. तिला मज्जासंस्थेचा दुर्धर आजार जडला. आजार कामामुळे झाला हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर टाकण्यात आला, आणि कोणती रसायने वापरात होती ही माहिती मात्र व्यापारी गुपित ठरवण्यात आली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा आजार व्यवसायजन्य मानला आणि माहिती दडवल्यामुळे पुरावा अपुरा राहिला असेल तर त्याचा तोटा कामगाराला होता कामा नये, असे तत्त्व मांडले. ‘बानोलिम’ या संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने चिप व एलसीडी कारखान्यांतील आजारी कामगारांची जाहीर माफी मागितली आणि भरपाई मान्य केली. जिचे डोळे दुसऱ्यांच्या पडद्यातील दोष शोधत होते, तिच्या कामाच्या जागेतील दोष शोधणारे मात्र कोणी नव्हते.

येथे गुणवत्तेच्या शास्त्राचाच दाखला देता येतो. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. त्यांच्या विचाराचे वारसदार एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये व्याख्याने दिली आणि पुढे ठामपणे सांगितले की केवळ शेवटच्या तपासणीवर विसंबून गुणवत्ता येत नाही. ती कामाच्या प्रक्रियेतच असावी लागते, आणि भीतीच्या वातावरणात ती नांदत नाही. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच दोरी ओढून कामाची ओळ थांबवण्याची मुभा कामगाराला असते. ही युक्ती भांडवलदारांच्या कारखान्यातीलच आहे. पण तिचा अर्थ खोल आहे. दोष दिसला तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडून गुणवत्तेची अपेक्षा करणे व्यर्थ होय. द्रावणाचा वास सहन होत नाही असे म्हणण्याची ज्याला चोरी, तो पडद्यातील डाग तरी कोणत्या बळावर दाखवणार? ग्राहकाचे हित आणि कामगाराचे हित येथे एकाच दोरीला बांधलेले आहे.

आता भारतापुरते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन त्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. गुणवत्तेतील अपूर्णता किंवा उणीव म्हणजे दोष, अशी व्यापक व्याख्या त्यात आहे. उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेण्याची तरतूदही आहे. परंतु भारतीय मानक ब्यूरोकडील जी नोंदणी लॅपटॉपला सक्तीची आहे, ती विजेच्या व वापराच्या सुरक्षिततेपुरती आहे; ठिपके, पाझर, डाग यांना ती स्पर्श करीत नाही. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे.

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. पडद्याचा दर्जावर्ग खोक्यावर, किमतीच्या शेजारी छापला जावा. जळक्या ठिपक्याबाबत कंपनीचा नियम विक्रीपूर्वी लेखी मिळावा. झिजणारा भाग सुटा बदलता यावा. आणि पडदा घडवताना वापरलेल्या रसायनांची नावे ती हाताळणाऱ्या कामगाराला कळावीत. तेथे व्यापारी गुपिताची सबब चालू नये. भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने वाढत असताना ही शेवटची मागणी दूरदेशीची राहिलेली नाही.

कार्यकर्त्यांना आजपासून करता येण्याजोगे कामही आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून दाखवून दिले की एकटा ग्राहक दुबळा असतो आणि संघटित ग्राहक बाजाराला शिस्त लावतो. नवा पडदा घेणाऱ्याला एवढे शिकवावे: पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा व निळा करून पाहा, खोली अंधारी करून कडा तपासा, दोषाचे छायाचित्र काढा, पावती जपा, नकार तोंडी न घेता लेखी घ्या, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. एका गावातील दहा तक्रारी एकत्र आल्या की त्यांना वजन येते.

त्या जुळणीकाराचा प्रश्न होता, ‘ही मर्यादा कोणी ठरवली?’ मर्यादा काचेने ठरवलेली नाही आणि धुळीनेही नाही. किती तोटा उत्पादकाने सोसायचा, किती ग्राहकाच्या पदरात टाकायचा आणि किती कामगाराच्या अंगावर ढकलायचा, याची ती वाटणी आहे. वाटणी माणसांनी केलेली असते. म्हणूनच ती माणसांना बदलता येते.