पाटाखालचं नाव



मला 'जुन्या वस्तूंचं वेड' या विषयावर बोलायला सांगितलंय. आता आपलीच गणना जुन्या वस्तूंत व्हायला लागल्यामुळे विषय अवघड वाटला नाही.

आमच्याकडे फणसाच्या लाकडाचा एक पाट आहे. आजोबांनी रोह्याच्या सुताराकडून करून घेतलेला. खालच्या बाजूला तेलरंगात त्यांचं नाव आहे. बाबांची बदली पेणला झाली, मी आपल्या शाळेत आले, आणि पाटही आमच्याबरोबर आला. पावसाच्या तोंडाशी बाबा तो कारखान्यात देऊन यायचे आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावरून गणपती घरी आणायचे. कारखाना म्हटलं की पेणकरांना धुराची चिमणी नाही, गणपती दिसतात, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं.

चित्रकलेच्या सरांनी आपल्याला एकदा आखणी बघायला नेलं होतं, आठवतं? मूर्ती साच्यातून निघते हे मला त्या दिवशी कळलं आणि मी हिरमुसले. मग हाताची कशी म्हणायची? पण साच्यातून निघालेल्या गणपतीला नजर नसते. सांधे पुसायचे, दागिने कोरून साफ करायचे, मूर्ती वाळवायची, रंगवायची आणि सगळ्यात शेवटी डोळे. आखणी करणारे काका श्वास रोखून एका फटकाऱ्यात भुवई ओढायचे. एकाच साच्यातले दोन गणपती शेजारी ठेवले, तरी वेगळे दिसायचे.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात एका दुकानात अगदी तसाच पाट दिसला. 'व्हिंटेज' अशी चिठ्ठी, किंमत साडेचार हजार. सवयीने माझा हात पाटाखाली गेला. तिथे कुणाचं तरी नाव असणार, पण त्यावर रंधा मारलेला होता. तरी मी एक शब्द न बोलता पैसे दिले.

त्याच वर्षी पेणच्या एका कारखान्यात शाडूच्या मूर्तीसाठी मी तीनशे रुपयांवरून घासाघीस केली. "प्लास्टरची तर केवढी स्वस्त मिळते," असंही म्हणाले. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं. शाडूला वाळायला दिवस लागतात, आणि पावसात ऊन आणू कुठून?" शाडूची मूर्ती जड, त्यात जरा धक्का लागला तरी तुटते. ते नुकसान त्यांचंच. तीनशे रुपये त्यांनी सोडले. निघताना कळलं, त्या आपल्याच शाळेच्या, आपल्या मागे दोन वर्षं.

तेव्हापासून ते तीनशे रुपये मनातून जात नाहीत. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे इथल्या कितीतरी घरांचं पोट या कामावर आहे. पावसाळ्याआधीच मूर्ती जहाजाने परदेशी रवाना होतात. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून आपण सगळे शाडूच्या बाजूने बोलतो. मीही बोलते. पण वाळवण्याचे जादा दिवस आणि तुटलेल्या मूर्ती यांचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न आला की आपण प्लास्टरचा भाव सांगतो. हाताच्या कामाचं कौतुक आपल्याला करणारा माणूस समोर नसतानाच परवडतं, असं मला माझ्यावरूनच वाटतं.

पुण्याचा पाट घरात भिंतीला टेकून उभा आहे. पाहुणे त्याचे फोटो काढतात. रोह्याचा पाट गेल्या वर्षी मी माळ्यावरून काढला, पुसला आणि वेळेवर त्याच कारखान्यात दिला. बाईंनी सांगितली ती किंमत दिली. जुने तीनशेही पुढे केले, तर त्यांनी हसून परत केले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचा पाट लवकर पाठवा, तेवढं पुरे."

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा पाट असेल, तर तो उतरवा आणि खाली कुणाचं नाव आहे ते बघा. भिंतीला मात्र लावू नका. कारखान्यात द्या.