बिघा किती गुंठ्यांचा?



जमिनीचे जुने कागद कसे वाचावेत, याबद्दल मी बोलणार आहे. त्यातही फक्त क्षेत्राबद्दल. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या इनामाची सनद बिघ्यांत असते. आजोबांचे खरेदीखत एकर-गुंठ्यांत असते. आजचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. जमीन तीच, पण तिची मापे तीन. एका मापातून दुसऱ्यात जाताना जमीन गळते, आणि ती कोणाच्या वाट्याची गळते हे आपण पाहणार आहोत.

आधी थोडा इतिहास. ‘जरीब’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. हजरत उमर यांच्या खिलाफतीत उस्मान इब्न हुनैफ यांनी इराकमधील सवाद प्रदेशाची मोजणी केली आणि जरिबामागे कर ठरला. म्हणजे मोजणीशिवाय न्याय्य कर नाही, ही समज तेव्हाही होती. हिंदुस्थानात जरीब हे मोजणीच्या दोरीचे नाव झाले. अंबाडीची दोरी ओल लागली की आखडते, म्हणून अकबराच्या काळात लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली. ६० गज लांब आणि ६० गज रुंद म्हणजे एक बिघा, हा तेव्हाचा हिशेब.

पण गज केवढा? इंग्रजांनी उत्तरेत इलाही गज ३३ इंचांचा धरला. त्या हिशेबाने बिघा ३,०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे बरोबर २५ गुंठ्यांचा होतो. बंगालचा बिघा मात्र १,६०० चौरस यार्डांचा, म्हणजे साधारण १३ गुंठ्यांचा. शिवकाळात आपल्याकडे पाच हात पाच मुठींची काठी होती. २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद तो बिघा. २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. हात आणि मूठ बदलली की काठी बदलणार, आणि काठीबरोबर बिघाही.

म्हणून मोबाईलवर ‘एक बिघा म्हणजे किती एकर’ असे विचारून आलेला आकडा सनदेला लावू नका. तो कदाचित भलत्याच प्रांतातला असेल. सनदेत चतुःसीमा दिल्या आहेत का, ते आधी पाहा. पूर्वेला ओढा, पश्चिमेला वाट, असे काही लिहिलेले असेल. त्याच हद्दीतल्या जमिनीचे क्षेत्र इंग्रजी काळातल्या मोजणीत किती एकर-गुंठे आले, ते शोधा. हद्द जुळली तरच आकडा जुळवायचा.

गुंठ्याच्या बाबतीत हा घोळ नाही. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर. १६ आण्यांचा एक गुंठा. इथे एक खड्डा आहे. हिश्शाच्या बोलीतही सोळा आणे असतात, पण तिथे सोळा आणे म्हणजे पूर्ण मिळकत. ‘चार आणे’ हे क्षेत्राच्या रकान्यात असेल तर पाव गुंठा. हिश्शाच्या रकान्यात असेल तर सगळ्या जमिनीचा चौथा भाग. पाव गुंठा समजून कोणी सही केली, तर शेतच गेले.

दुसरा खड्डा आरचा. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. फरक इतका थोडा, की गावात सर्रास ‘आर म्हणजे गुंठाच’ म्हणतात. एक एकर सातबाऱ्यावर ०.४०.४७ असा दिसतो: शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. शेवटचे दोन आकडे सोडून द्यायचे नसतात.

आता वाटपाचे बघा. वडील गेले, आई आधीच वारलेली. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. जमीन दोन एकर. प्रचलित हिशेबाने मुलाला दोन वाटे, मुलीला एक. पाचांतला एक वाटा म्हणजे १६ गुंठे, मीटरमध्ये १६ आर १९ चौरस मीटर. वाटपपत्रात ‘१६ आर’ लिहिले की बहिणीचे जवळपास २०० चौरस फूट गेले. दहा बाय वीसची एक खोली! भावांच्या मनात खोट असायलाच हवी असे नाही. लिहिणाऱ्याने सोपे केले आणि वाचणाऱ्याने तपासले नाही.

बहिणीला भावाइतकाच वाटा मिळावा, ही मागणी आपण करतो आणि करत राहू. पण जो वाटा आज सगळे मान्य करतात, तो तरी पूर्ण पदरात पडतो का? अनेक घरांत ‘हक्क सोडला’ एवढेच लिहून घेतात. जिथे वाटा देतात, तिथे तो मोजताना झिजतो. मशिदीच्या, कब्रस्तानच्या जमिनीचेही तसेच. क्षेत्र कागदावर नीट उतरले नाही, तर अतिक्रमणाविरुद्ध भांडायचे कशाच्या जोरावर?

तेव्हा तीन कामे करा. घरातल्या प्रत्येक कागदाची नक्कल काढा आणि त्यावरचे माप जसेच्या तसे उतरवा. रूपांतर शेजारी लिहा, मूळ आकडा खोडू नका. वाटप करताना आधी चौरस मीटरमध्ये भागाकार करा, मग आर-गुंठे लिहा. आणि शंका राहिली तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.

मुलींना विशेष सांगतो, हा हिशेब पाचवीच्या गणिताइतका सोपा आहे. घरात वाटपाची बैठक बसेल तेव्हा चहाचा ट्रे दुसऱ्या कोणाच्या हातात द्या आणि तुम्ही वही-पेन घेऊन बसा.