तयार संगणक घ्यावा की जोडून घ्यावा?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘संगणक आणि विद्यार्थी’ असा भारदस्त विषय छापला आहे. परंतु गेली दोन-तीन वर्षे शाळेच्या फाटकापाशी मला गाठून पालक जो प्रश्न विचारतात तो याहून पुष्कळ साधा आहे. “सर, पोरगा गेमिंगचा कॉम्प्युटर मागतोय. तयार घ्यावा की जोडून घ्यावा?” आज मी त्याच प्रश्नाचे उत्तर देणार आहे. मी इतिहास आणि मराठी शिकवतो, इंजिनिअर नाही, हे आधीच कबूल करतो. मी आजवर तीन संगणक जोडले. त्यांपैकी एक जळाला. माझा अधिकार काय तो एवढाच.

आपल्या घरात हा प्रश्न नवा नाही. ईदच्या आधी महिनाभर आपल्या अम्मी काय करीत? कापड आणून शिंप्याकडे टाकावे, की बाजारातून तयार जोड आणावा, यावर घरात खल चाले. शिवलेला कपडा अंगाला बसतो, आत चार बोटे कापड राखलेले असते, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते. पण शिंपी चाँदरातीपर्यंत झुलवतो. तयार कपडा त्याच दिवशी हातात पडतो, मात्र आतली शिलाई कशी आहे ते पहिल्या धुण्यातच कळते. संगणकाचे अगदी असेच आहे, आणि ‘पहिल्या धुण्यात’ हे शब्द लक्षात ठेवा.

आता त्या पेटीत असते काय? लातूरकरांना सांगणे सोपे आहे. गंजगोलाई डोळ्यांसमोर आणा. सोळा रस्ते येऊन एका गोलात मिळतात. मदरबोर्ड म्हणजे ती गोलाई. प्रोसेसर, रॅम, माल साठवणारी एसएसडी, चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड, सगळे आपापल्या रस्त्याने येऊन तिथे मिळतात. आणि या सर्वांना वीज पुरवणारा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातला 230 व्होल्टचा प्रवाह घेऊन तो यंत्राला सोसेल असा 12, 5 आणि 3.3 व्होल्टचा करून देतो. या डब्याकडे कोणी पाहत नाही. माझे अर्धे भाषण त्याच्यावरच आहे.

निरनिराळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात हीच मुळात नवलाची गोष्ट. 1981 साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर घाईने बाजारात आणला, तेव्हा बरेचसे भाग बाहेरून घेतले आणि त्याची रचना उघड ठेवली. थोड्याच काळात इतरांनी त्याच मापाची यंत्रे काढली. तेव्हापासून संगणक हा सायकलीसारखा झाला. चाक एकाचे, सीट दुसऱ्याचे, साखळी तिसऱ्याची.

‘विकत घ्यावा की बनवावा’ हा प्रश्न एकदा आपल्या देशालाही पडला होता. इतिहासाचा शिक्षक असल्याने हे सांगण्याचा मोह आवरत नाही. 1980 च्या दशकात भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितला. हवामानाच्या कामासाठी क्रे कंपनीचे एक यंत्र मिळाले, पण अटी घालून. बंगळूरच्या विज्ञान संस्थेसाठी मागितलेले यंत्र मिळाले नाही. मग 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. पण त्यातल्या चिपा काही पुण्यात घडवलेल्या नव्हत्या. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा, ज्या बाजारात कोणालाही मिळत, त्याच आणल्या. त्या शेकड्याने एकत्र कशा जोडाव्यात आणि सगळ्यांकडून एकच काम कसे करून घ्यावे, ही विद्या मात्र आपली होती. जोडणे हे हलके काम आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

असो. आता माझा जळालेला संगणक. तो मी नांदेडला घरच्यासाठी जोडला होता. प्रोसेसर चांगला घेतला, कार्ड चांगले घेतले, आणि हिशेब बजेटच्या वर जाऊ लागला तेव्हा दुकानदार म्हणाला, “सर, कॅबिनेटसोबत एसएमपीएस फ्री येतो, वेगळा कशाला घेता?” मला ते पटले. फुकट मिळते ते कोणाला पटत नाही? मे महिना होता. दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली ती फटाका वाजल्यासारखा आवाज घेऊनच. डबा गेलाच, जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन गेला. त्या डब्यावर 450 वॅट असा छापील आकडा होता. आकडा छापायला काय लागते? तीन-साडेतीन हजार वाचवायला गेलो आणि त्याच्या तिप्पट घालवले. बायको अजूनही त्या डब्याचे नाव काढते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की पोरगा ग्राफिक्स कार्डाचे गुण गाऊ लागला की त्याला थांबवावे आणि विचारावे, “एसएमपीएस कोणता?” उत्तर आले नाही तर त्याचा अभ्यास पुरा झालेला नाही. चांगल्या डब्यावर ‘80 प्लस’ अशी खूण असते. वीज किती वाया जाते त्याची ती परीक्षा आहे. मजबुतीची हमी ती देत नाही, पण ज्यावर तीही नाही तो डबा घरात आणू नये.

आता बाजार पाहू. तयार गेमिंग संगणक म्हटला म्हणजे एकच वस्तू नव्हे. एक असतो मोठ्या कंपनीचा, मोहोरबंद. बिघडला तर माणूस घरी येतो, विंडोज अस्सल असते. पण काही मोठ्या कंपन्या आतला मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच मापाचे करतात. चार वर्षांनी कार्ड बदलायचे म्हटले तर बाजारातला डबा त्यात बसत नाही, म्हणजे शिलाईत चार बोटे कापड राखलेले नाही. दुसरा असतो दुकानदाराने जोडून ठेवलेला, काचेची पेटी आणि आत लाल-निळे दिवे. यात प्रामाणिक माणसेही आहेत, पण सर्वात जास्त फसवणूकही इथेच होते.

ती कशी, ते ऐका. पेटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, ‘आय-सेव्हन, 16 जीबी, गेमिंग’. बाप म्हणतो, आय-सेव्हन म्हणजे सर्वात भारी. अहो, आय-सेव्हन हे घराण्याचे नाव आहे. 2012 साली आलेला तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हनही आय-सेव्हनच, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी आलेलाही. एखाद्या कचेरीने भंगारात काढलेल्या यंत्रातला जुना प्रोसेसर नव्या पेटीत घालून, चार दिवे लावून विकतात. विद्यार्थी मित्रहो, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक बिलावर लिहून मागा. दुकानदार क्रमांक लिहायला कचरला की सलाम करून बाहेर पडा.

मी हे इतक्या ठामपणे बोलतो याचे कारण घरातलेच आहे. माझी आपा लातूरला असते. दुल्हेभाईंचे वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे छोटे दुकान आहे. भाचा लातूरच्या रिवाजाप्रमाणे नीटच्या शिकवणीला होता. लातूर पॅटर्नचे गुण मी सांगायला नकोत, बाहेरगावची पोरे खोल्या करून तिथे राहतात. परंतु या पोराला डॉक्टर व्हायचे नव्हते, आणि घरात तसे म्हणण्याची त्याची छाती नव्हती. मे 2024 मध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये गुण आले, ते कमी होते. त्यानंतर पोरगा बोलेनासा झाला. जेवायला येई, उठून जाई. आपाने मला फोनवर सांगितले, “भाई, घरात पाहुणा असल्यासारखा राहतो.”

मी गेलो. दोन दिवस त्याच्याजवळ बसलो तेव्हा त्याने वही काढली. वहीत संगणकाच्या भागांची यादी होती, भावासकट, एक वर्षापासून खोडून-खोडून लिहिलेली. त्याला ब्लेंडर नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर त्रिमिती चित्रे करायची होती, आणि हो, गेमही खेळायचे होते. मी खोटे कशाला सांगू? पालकांना मी नेहमी म्हणतो, जे कार्ड गेम चालवते तेच व्हिडिओ जोडते आणि तेच आराखडे रंगवते. पोरगा त्यावर काय करील हे कार्ड ठरवीत नाही.

दुल्हेभाईंजवळ भिशीचे ऐंशी हजार होते. दुकानासाठी नवे मशीन घ्यायला ठेवलेले. आपाचा विरोध होता, आणि तिचे चुकत नव्हते. पोरगा नापास झाल्यासारखा आहे आणि त्याला बक्षीस द्यायचे काय, असा तिचा सवाल होता. माझ्यापाशी त्याला जबाब नव्हता. दुल्हेभाईंनी मात्र वही मागवली. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, पण वॅट कळतात. वेल्डिंग मशीनवर हयात गेली आहे. त्यांनी विचारले, “हे सगळे मिळून लोड किती?” पोराने सांगितले, प्रोसेसर 65, कार्ड 170, बाकी किरकोळ. “मग 600 व्हीएच्या यूपीएसवर कसे चालेल? त्यातून साडेतीनशे वॅटच निघतात.” पोरगा गप्प झाला. यूपीएस त्याच्या यादीत नव्हताच. त्या दिवशी बाप-लेक रात्री अकरापर्यंत बोलत होते. त्या घरात कित्येक महिन्यांत असे झाले नव्हते.

ऑगस्टमध्ये आम्ही तिघे नांदेडहून रेल्वेने सिकंदराबादला गेलो. तिथे चिनॉय ट्रेड सेंटर म्हणजे सीटीसी आहे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखा कॉम्प्युटरचा बाजार. सकाळी दोन तास नुसते भाव विचारीत फिरलो. रायझन 5600, बी-550 मदरबोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम (एकच 16 ची घेऊ नये, जोडीने वेग वाढतो), 1 टीबी एसएसडी, आरटीएक्स 3060 कार्ड, ब्राँझ खुणेचा एसएमपीएस, आणि 1000 व्हीएचा यूपीएस. मॉनिटर धरून ऐंशी हजारांत बसले, दीड हजार उरले, त्यात जेवलो. प्रत्येक भागाचे बिल वेगळे, मालाचा सिरियल नंबर बिलावर. जोडलेल्या संगणकाची गॅरंटी अशी तुकड्या-तुकड्यांची असते. बिल हरवले की गॅरंटी हरवली. एक भाग बिघडला तर तो कुरिअरने पाठवून पंधरा-वीस दिवस वाट पाहावी लागते, हेही आधीच मान्य करून टाकावे.

जोडणी लातूरला, दुकानात, वेल्डिंगच्या टेबलावर जाड पुठ्ठा टाकून केली. स्क्रू दुल्हेभाईंनी आवळले. पहिल्यांदा बटण दाबले, दिवे लागले, पंखे फिरले, पडदा काळाच. पोराचा चेहरा पाहवत नव्हता. अर्धा तास गेला. शेवटी कळले की मॉनिटरची वायर कार्डात न लावता मदरबोर्डात लावली होती, आणि त्या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही. अशी चूक मोठमोठे करतात.

आपा दुकानात आली नाही. संध्याकाळी घरी यंत्र नेले तेव्हा दारातून पाहून इतकेच म्हणाली, “धूळ कोण पुसणार?”

म्हणजे प्रत्येकाने जोडूनच घ्यावा असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. ज्या घरात पेटी उघडण्याची हिंमत करणारे कोणी नाही, ज्याचे झेरॉक्स-डीटीपीचे दुकान त्या यंत्रावर चालते आणि दोन दिवस बंद राहिले तर चूल अडते, त्याने कंपनीचा तयार घ्यावा आणि घरी येऊन दुरुस्तीची गॅरंटी वाढवून घ्यावी. जी मुलगी पुढल्या वर्षी पुण्याला वसतिगृहात जाणार, तिला लॅपटॉपच हवा. मुलींचे नाव मुद्दाम घेतले, कारण हा प्रश्न मला आजवर एकाही मुलीच्या पालकाने विचारलेला नाही. आणि भाव रोज पालटतात. 2020-21 मध्ये ग्राफिक्स कार्डे दुपटीने विकली गेली. 2022 च्या सप्टेंबरनंतर आभासी चलनाच्या खाणीत राबलेली जुनी कार्डे स्वस्तात बाजारात आली. 2025 च्या अखेरीस रॅम इतकी महागली की दुकानात आधीपासून पडून असलेला तयार संगणकच स्वस्त पडावा. तेव्हा वही दोन्ही बाजूंनी लिहावी, आणि खरेदीच्या दिवशी पुन्हा बेरीज करावी. विंडोजचे पैसेही त्या बेरजेत धरा. दुकानदार चोरीची घालून देतो म्हणून ती फुकट होत नाही. पैसे नसतील तर लिनक्स मोफत आहे.

आणखी एक, आपल्या मराठवाड्यापुरते. घरच्या अर्थिंगची तपासणी करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल नसेल तर ते कामाचे नाही, आणि 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तिथे उन्हाळ्यात जमिनीत ओल कुठून राहणार? घरात वापरलेले एक बादली पाणी आठवड्याला त्या खड्ड्यात जाऊ द्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिणले तर यंत्र बंद करून आधी वायरमनला बोलवा.

भाचा सध्या बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम खेळतो, आपा ओरडते. दुल्हेभाईंना गेटचे आणि जिन्याच्या कठड्याचे नमुने त्यावर काढून देतो. गिऱ्हाइकाला आधी चित्र दाखवून मग लोखंड कापले जाते. वेल्डिंगचे नवे मशीन अजून आलेले नाही. परवा पोराचा फोन होता, यंत्राचा आवाज वाढला आहे. पंख्यात धूळ बसली असणार. ईदच्या सुट्टीत जाईन तेव्हा खोलून पाहायचे ठरले आहे. दुल्हेभाई म्हणतात, दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मारून टाकू. ती मात्र मी मारू देणार नाही, त्या हवेत पाणी असते.