खरोशाचा डोंगर काय सांगतो?
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



वेरूळ-अजिंठा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पण आपल्याच औसा तालुक्यातले खरोसा किती जणांनी पाहिले? हात वर करा म्हटले तर मोजकेच हात वर येतील. आम्हीही परवापर्यंत खाली हातवालेच. निलंग्याकडे जाता-येता टेकडी दिसायची, पण कापसाचा भाव आणि बियाण्याची उधारी यांच्या बोलण्यात ती मागे पडायची. यंदा ज्वारीची रास झाली आणि आम्ही मुद्दाम गेलो.

गाव लहान. जवळच्या टेकडीत बारा लेणी आहेत. जाणकार ती सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. भिंतींवर शिव-पार्वती, नरसिंह, रामायण-महाभारतातले प्रसंग. जेम्स बर्जेस नावाच्या साहेबाने १८७८ च्या आपल्या अहवालात त्यांची नोंद केली. साहेब विलायतेहून येऊन पाहून गेला, आपण शेजारच्या शिवारातून गेलो नाही!

वेरूळचा दगड काळा, टणक. खरोशाचा जांभा, लाल, भोकाभोकांचा, पाणी पिणारा. म्हणून मूर्तींची नाकेडोळे पार झिजली आहेत. पण एवढ्या कच्च्या दगडातली लेणी चौदाशे वर्षे उभी आहेत.

ते पाहताना आम्हाला किल्लारी आठवली. तीही याच तालुक्यातली. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे निजली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्याप्रमाणेच जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली.

त्या घरांचा दगड काही खरोशापेक्षा कच्चा नव्हता. फरक बांधणीचा. लेणे एकाच खडकात कोरलेले, त्याला सांधा नाही. आपली भिंत दोन-अडीच हात जाड खरी, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये गोटे आणि माती. वर माळवद, गळू नये म्हणून दरसाल मातीचा आणखी एक थर. हादरा बसला, भिंतीचे दोन थर फाटले आणि वरचा सगळा भार निजलेल्या लेकराबाळांवर आला.

भावांनो, अशी माळवदे आपल्या गावांत अजून आहेत. घर पाडून नवे बांधा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याला पैसा कुठून आणायचा हे आम्हालाही ठाऊक आहे. पण माळवदावरची जास्तीची माती उतरवायला फक्त खोरे आणि चार माणसे लागतात. नवी भिंत घालाल तेव्हा आरपार जाणारे जोडदगड ठिकठिकाणी घाला. दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारी सलग पट्टी फिरवा. गवंड्याला उभे राहून तेवढे करून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना खरोसा पाहून या. आणि परत गेल्यावर आपल्या घराच्या भिंतीकडे एकदा नीट पाहा.